युनिसायकलवर दुसरा पाय पुढे ठेवून उड्या मारायला शिकताना

बेळगावात एकचाकी सायकल काढून गल्लीच्या तोंडाशी आलात की प्रश्न ठरलेला असतो, "काय रे, सर्कशीत जाणार काय?" विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली सर्कस उभी केली, ती भारतातली पहिली म्हणून ओळखली जाते. तेव्हापासून आपल्याकडच्या माणसांनी एकचाकी बघितली ती तंबूतच. आता मात्र युनिसायकलवरून पायऱ्या, कठडे, माल ठेवायची लाकडी पॅलेट चढायचा एक स्वतंत्र खेळ झालाय. त्याला ट्रायल्स म्हणतात. युनिकॉन नावाची जागतिक स्पर्धा साधारण दर दोन वर्षांनी भरते, तिच्यात हा प्रकार असतो. त्या खेळातलं मूळ कौशल्य म्हणजे जागेवरची उडी.

उडी मारताना दोन्ही पॅडल जमिनीला समांतर असतात, म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे. प्रत्येकाचा पुढचा पाय ठरून जातो आणि दुसरा पाय पुढे आला की उडी येत नाही. पुष्कळ जण तसंच पुढे रेटतात. मग कधीतरी कठड्यापाशी पोचतात आणि नेमका चुकीचा पाय पुढे येतो. वीस इंची चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे १.६ मीटर, अर्धा फेरा ८० सेंटीमीटर. पाय बदलायचा तर एवढं अंतर पुढे किंवा मागे जायला हवं, आणि पुढे तर कठडा असतो. दोन्ही पायांनी उडी येत असेल तर हा प्रश्नच उरत नाही. शिवाय एकाच बाजूच्या पोटरीवर आणि गुडघ्यावर रोज येणारा ताणही वाटला जातो.

लेख कुणासाठी? ज्यांना पन्नासेक मीटर न पडता चालवता येतं, भिंतीच्या आधाराशिवाय चढता येतं आणि सवयीचा पाय पुढे ठेवून जागेवर दहाएक उड्या मारता येतात त्यांच्यासाठी. यातलं काही येत नसेल तर आधी ते करा. दोन्ही पाय एकदम शिकायला घेतले की एकही धड येत नाही.

पुढे वाचण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. दुसरा पाय कमजोर असतो म्हणून उडी येत नाही, हा समज सोडून द्या. त्याच पायाने तुम्ही एरवी निम्मं चाक फिरवत असता. अडतं ते दाबाच्या हिशेबात. युनिसायकलला फ्रीव्हील नसतं, म्हणजे पाय थांबवून चाक नुसतं फिरू देता येत नाही. क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, थेट चाकाला जोडलेले असतात. पुढच्या पायाने दाबलं की चाक पुढे जातं, मागच्या पायाने दाबलं की मागे. चाक जागेवर ठेवायचं तर दोन्हीकडचा दाब सारखा लागतो. एका बाजूने हा हिशेब अंगात मुरलेला असतो, पाय बदलला की तो बरोबर उलटा होतो. खालच्या सगळ्या पायऱ्या हा उलटा हिशेब अंगवळणी पडावा म्हणूनच लावल्या आहेत. म्हणून मधल्या पायऱ्या गाळू नका.

१. तुमचा सवयीचा पाय कोणता, ते बघा

फुटबॉलला लाथ ज्या पायाने मारता तोच पाय इथे पुढे असेल असं नाही. अंदाजावर जाऊ नका. सावकाश चालवत या, भिंतीला हात टेकून थांबा आणि खाली बघा. चार-पाच वेळा केलंत की कळेल. जो पाय आपसूक पुढे येतो तो सवयीचा, उरलेला दुसरा.

दुसऱ्या पायाच्या बुटाला पुढच्या बाजूला रंगीत इन्सुलेशन टेप चिकटवा. पोरखेळ वाटेल, पण दमल्यावर आणि गोंधळल्यावर डावं-उजवं आठवत नाही, टेप दिसते. मोबाईलवर व्हिडिओ काढून बघतानाही कोणता पाय पुढे होता ते लगेच कळतं.

इथेच एक सापळा सांगून ठेवतो. काही जणांना युक्ती सुचते की सीट उलटी बसवली, म्हणजे अख्खी सायकल मागची पुढे केली, तर पाय आपोआप बदलेल. बदलत नाही. पाय तुमचे आहेत, सायकलचे नाहीत. उलट त्यात डावं पॅडल उजव्या पायाखाली येतं. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते चालवताना सुटू नये म्हणूनच. बाजू बदलली की पॅडल चालता चालता सैल होत जातं आणि क्रँकमधले आटे खातं. क्रँकवर आणि पॅडलवर एल आणि आर अशी अक्षरं कोरलेली असतात. एल डावीकडे, आर उजवीकडे, हे एकदा तपासून घ्या.

२. साहित्य

– वीस इंची युनिसायकल. चोवीस इंचीवर उड्या येतात, पण शिकायला जड जाते. त्याहून मोठं चाक या कामाला नकोच.
– हेल्मेट. सायकलचं किंवा स्केटिंगचं, कुठलंही चालेल.
– मनगटाचे गार्ड. बेळगावात स्केटिंगची पोरं भरपूर, त्यामुळे खेळाच्या साहित्याच्या दुकानात मिळतात.
– नडगीचे गार्ड. फुटबॉलवाले वापरतात तेच. पॅडलला लोखंडी पिना असतील तर याशिवाय मैदानात जाऊ नका. पोटरीची बाजूही झाकणारे मिळाले तर उत्तम.
– सपाट आणि जरा कडक तळाचे बूट. लेस बुटात खोचा, बाहेर लोंबत ठेवू नका. ती क्रँकभोवती गुंडाळली की पाय सुटत नाही.
– पॅडलचा १५ नंबर पाना, क्रँकच्या बोल्टसाठी १४ नंबरचा बॉक्स पाना किंवा ८ चा ॲलन की. सायकल बघून घ्या, दोन्ही प्रकार असतात.
– खडू, रंगीत टेप आणि पाण्याची बाटली.

आता सायकलबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे इथेच वाया जातात.

स्वस्तातल्या युनिसायकलचा एक्सल, म्हणजे चाकाचा आस, चौकोनी टोकाचा असतो आणि त्यावर क्रँक ठोकून बसवलेले असतात. चालवायला तो पुरतो. उड्यांना काही काळ पुरतो. जागेवरच्या लहान उड्या शिकायला हीच सायकल वापरली तरी हरकत नाही. पण पॅलेटवरून खाली उडी मारायला लागलात की एक्सल वाकतो नाहीतर क्रँक ढिले होतात. त्यासाठी दातेरी एक्सलची सायकल लागते, ती महाग असते. शिकताना तिच्या मागे लागू नका.

चौकोनी एक्सलवाल्यांनी एक नियम पाळावा. नवी सायकल असेल तर पहिल्या काही सरावांनंतर दर वेळी क्रँकचे बोल्ट आवळून बघायचे. आणि चालवताना पायाखाली "टक्‌ टक्‌" लागलं तर तिथेच उतरायचं, घरापर्यंतसुद्धा चालवत जायचं नाही. एक्सल पोलादी, क्रँक बहुधा ॲल्युमिनियमचे. ढिल्या क्रँकवर चालवत राहिलात तर चौकोनी भोक गोल होतं, मग कितीही आवळा, बसत नाही. आपल्याकडे उद्यमबागला लेथवाले, फाउंड्रीवाले इतके आहेत की काहीही बनवून देतो म्हणणारा कुणीतरी भेटतोच. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, कापून घ्यायला, वाकलेला फोर्क सरळ करायला तिकडे खुशाल जा. पण गोल झालेलं भोक वेल्डिंगने भरून घेऊ नका. ते पुन्हा सुटतं, आणि सुटतं ते उडी मारून खाली येतानाच. नवा क्रँक मागवा.

टायरची हवा हा दुसरा मुद्दा. युनिसायकलच्या ट्यूबला बहुतेक वेळा मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. अडचण एवढीच की तो सवयीने टायर दगडासारखा टणक करून देतो. उडीला टणक टायर नको. रुंद, अडीच इंची ट्रायल्स टायर असेल तर १८ ते २५ पीएसआयच्या आसपास ठेवा. साधा दोन इंची असेल तर त्याहून जास्त लागते. आकड्यापेक्षा ही परीक्षा करा: सायकलवर उभं राहून एक हलकी उडी मारायची. टायर दबला पाहिजे, पण रिम जमिनीला लागल्याचा खट्ट आवाज येता कामा नये. पंक्चरवाल्याजवळच उभे राहा आणि वेळेत "बस, मामा" म्हणा. तो कन्नड बोलणारा असेल तर "साकु अण्णा". तेवढं बोललं की तो थांबतो.

सीट नेहमीपेक्षा पाच-सहा सेंटीमीटर खाली घ्या. चालवायची उंची आणि उडीची उंची एक नसते. सीट उंच राहिली की गुडघे वाकत नाहीत आणि गुडघे वाकल्याशिवाय उडी नाही. सीटपोस्टवर दोन्ही उंचीच्या खुणा करून ठेवा, रोज मोजत बसायला नको.

३. जागा

झाडूने खरखरीत केलेलं काँक्रीट सगळ्यात चांगलं. बास्केटबॉल किंवा स्केटिंगचं कोर्ट मिळालं तर विचारून घ्या, सकाळी लवकर ते रिकामं असतं. शाळेचं पटांगण हवं असेल तर मुख्याध्यापकांना किंवा हेडसरांना आधी भेटा. सुट्टीत "पोरं करतात तर करू देत" म्हणणारे शिपाईमामाच गेट उघडतात, पण परवानगी वरून असलेली बरी.

व्हॅक्सिन डेपोसारख्या मोकळ्या मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. कडेची घट्ट माती बघून कोपरा धरा. खानापूर बाजूची तांबडी माती सुकली की छान घट्ट होते, पण वर बारीक खडी असते आणि पाय टेकताना तीच घसरते. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात तर पावसाळ्यात टायरला चिखलाचा थर बसतो आणि उन्हाळ्यात भेगांत चाक अडकतं. तिकडच्यांनी गावातलं सिमेंटचं खळं किंवा ग्रामपंचायतीपुढचं अंगण शोधावं. देवळापुढची शाहाबादी फरशी दिसायला सपाट असते, पण पायांनी गुळगुळीत झालेली असते, आणि तिच्यावर पाणी सांडलेलं असेल तर विचारूच नका. कॅम्प भागात लष्कराच्या हद्दीतली मैदानं कितीही मोहात पाडणारी असली तरी तिकडे वळू नका.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, बाहेरचा सराव जवळजवळ विसरायचा. आपल्याकडे पाऊस थांबला तरी जांभ्याच्या चिऱ्यांवर शेवाळ राहतं. त्या दिवसांत पत्र्याच्या शेडखाली किंवा पार्किंगमध्ये चौथी आणि पाचवी पायरी करत राहा. त्या दोन पायऱ्यांना भिंत आणि दोन हात जागा पुरते.

४. भिंतीशी नुसतं उभं राहणं

सगळे जण हीच पायरी गाळतात, आणि सगळ्यात जास्त फायदा हिचाच.

खांद्याच्या उंचीचा कठडा किंवा जाळीचं कुंपण असेल तर उत्तम. दोन खांबांच्या मध्ये उभं राहता आलं तर आणखी बरं, दोन्हीकडे हात टेकता येतात. आधार धरून चढा. टेपवाला पाय पुढे घ्या. क्रँक जमिनीला समांतर करा. पॅडल चवड्याच्या जरा मागे, पावलाच्या मध्याकडे येऊ द्या. आता सीटवरून बूड किंचित उचला आणि दोन्ही पॅडलवर उभे राहा. गुडघे थोडे वाकलेले, सीट मांड्यांच्या मध्ये हलकी धरलेली.

उडी मारायची नाही. चाक बोटभर पुढे जाऊ द्या, मग बोटभर मागे. पुढचा पाय, मागचा पाय, पुढचा, मागचा. तागडीसारखं. थोड्या वेळाने तुमच्या लक्षात येईल की चाक मागेच जास्त सरकतंय. कारण सवयीचा पाय आता मागे गेलाय आणि त्याला जोर करायची खोड आहे. चाक मागे गेलं की अंग पुढे पडतं. या सरावात बहुतेकदा पडणं पुढच्या बाजूला होतं, ते यामुळे.

उपाय सोपा, पण सावकाश लागू होणारा. मागचा पाय हलका करायचा प्रयत्न करू नका, त्याने आणखी गोंधळ होतो. पुढच्या पायाकडे लक्ष द्या. पुढची टाच किंचित खाली सोडा आणि वजन त्या पायावर "बसलंय" असं जाणवू द्या. मग चाक स्थिर होतं. हाताने आधाराला फक्त स्पर्श राहील इथपर्यंत या.

आणखी एक गोष्ट इथेच दिसते. पाय बदलला की कंबर दुसऱ्या बाजूला वळते. डावा पाय पुढे असताना कंबरेची डावी बाजू पुढे येते, उजवा असताना उजवी. चाक कंबरेबरोबर वळतं. त्यामुळे दुसऱ्या पायाने उभं राहिल्यावर चाकाचं तोंड तिरकं होतं आणि पुढे उड्या मारताना तुम्ही गोल फिरत जाता, तेही सवयीच्या विरुद्ध दिशेला. उभं असतानाच छाती आणि चाक एका रेषेत आणायची सवय लावा. समोर पंधरा-वीस पावलांवरचं काहीतरी न हलणारं धरा, वडाचा बुंधा, विजेचा खांब, काहीही. नजर तिथून काढायची नाही. पायाकडे बघितलं की खांदे वाकतात आणि सगळं बिघडतं.

५. आधार धरून उड्या

एक हात भिंतीला, एक हात सीटच्या पुढच्या मुठीला. मूठ नसेल तर सीटची पुढची कड धरा.

सीट धरणारा हात कोणता? पाय बदलला म्हणून हात बदलू नका, असं माझं मत. हात बदलून उड्या मारणारे आहेत, पण एका वेळी एकच गोष्ट नवी असू द्या. सवयीचा हात सीटवर राहिला की निदान अर्ध्या शरीराला तरी आपण कुठे आहोत ते कळतं.

गुडघे वाकवा, दोन्ही पायांनी एकदम उडा आणि त्याच क्षणी हाताने सीट वर खेचा. नुसत्या पायांनी उडालात तर तुम्ही वर जाल आणि सायकल खालीच राहील. सीट हातात असल्यामुळेच चाक तुमच्याबरोबर येतं. उंचीचा हव्यास नको. चाकाखालून चपलेचा तळ सरकेल एवढी उडी पुरे.

खाली आल्यावर क्रँक समांतरच आहेत का ते बघा. पुढचा क्रँक खाली झुकलेला असेल तर पुढचा दाब जास्त झाला. मागचा झुकला असेल तर मागचा पाय अजून सुटलेला नाही, चौथ्या पायरीला परत जा.

एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटांच्या वर नको. पोटरी भरून आली की अंग मुकाट्याने जुन्या पद्धतीवर जातं, आणि मग चुकीचंच पाठ होतं. थकलात की सवयीच्या पायाने दोन फेऱ्या मारा आणि घरी जा.

६. पडणं

यावर वेगळं लिहायला हवं, कारण पाय बदलल्यावर पडायची बाजूही बदलते.

सायकल वाचवायला जाऊ नका. सीट हातात असल्यामुळे ती धरून ठेवायचा मोह होतो, पण ती सोडली की दोन्ही पाय मोकळे होतात. पुढे पडत असाल तर नुसतं चालत उतरल्यासारखं उतरता येतं. मागे पडताना सायकल समोरून निसटते आणि पॅडल नडगीवर येतं. गार्ड त्यासाठीच. हात मागे टेकवू नका, मनगट तिथेच जातं. तोल जातोय असं वाटलं की मागे पाऊल टाका.

बघ्यांनाही लांब ठेवा. लहान पोरं अगदी चाकाजवळ येऊन बसतात. त्यांना खडूने एक गोल आखून द्या आणि "याच्या बाहेर" म्हणून सांगा. गोल आखला की पाळतात, नुसतं ओरडून ऐकत नाहीत.

७. आधार सोडणं

भिंतीपासून हातभर अंतरावर या. तीन उड्या आधार धरून, चौथीला हात उचला, पाचवीला पुन्हा टेका. मग दोन सोडून, मग तीन सोडून. मोकळा हात बाजूला, खांद्याच्या उंचीला ठेवा, तो तोल सांभाळतो. हा हात छातीशी आखडला जात असेल तर तुम्ही घाबरलेले आहात, थोडं थांबा.

उड्या मारताना जिकडे तोल जातो तिकडेच पुढची उडी घ्यायची. डावीकडे झुकलात तर चाकही डावीकडे न्यायचं, म्हणजे ते पुन्हा तुमच्याखाली येतं. हे सवयीच्या पायाने तुम्ही नकळत करतच असता. दुसऱ्या पायाने सुरुवातीला मुद्दाम करावं लागेल. मित्राला बाजूला उभं करून "डावी", "पुढं" असं ओरडायला सांगा, आपलं आपल्याला उशिरा कळतं.

८. त्याच पायाने चढणं

ही पायरी सातवीच्या आधी ठेवली तरी चालते, पण मला हाच क्रम बरा वाटतो.

जागेवरून चढताना ज्या पायाने पहिल्यांदा पॅडलवर चढता तो पाय मागे राहतो आणि नंतर ठेवलेला पाय पुढे येतो. म्हणजे उजवा पाय पुढे हवा असेल तर डाव्याने चढायचं. पुष्कळांना इतके दिवस चढूनही ही गोष्ट लक्षात आलेली नसते.

मागचं पॅडल तुमच्या बाजूला, जवळजवळ समांतर ठेवा. त्यावर पाय ठेवा, पण त्यावर वजन टाकू नका, नाहीतर चाक मागे येऊन नडगीला लागेल. वजन सीटवर द्या, जमिनीवरच्या पायाने उसळी घ्या आणि तो पाय पुढच्या पॅडलवर ठेवा. ठेवल्या ठेवल्या पुढे चालवत सुटू नका. तिथेच दोन उड्या मारा. चढणं आणि उडी हे एकच काम म्हणून शिका. सुरुवातीला चाकामागे विटेचा तुकडा लावला तर चाक मागे सरकत नाही, नंतर तो काढायचा.

दोन्ही पायांनी चढता येणं हे तसंही लागणारच. आंतरराष्ट्रीय युनिसायकल महासंघाच्या कौशल्य पातळ्यांत दुसऱ्याच पातळीला डाव्या आणि उजव्या, दोन्ही पायांनी चढून दाखवावं लागतं.

९. चालता चालता थांबून उडी

खडूने जमिनीवर आडवी रेघ मारा. तिच्या दिशेने सावकाश या आणि रेघेशी टेपवाला पाय पुढे येईल असं थांबा. थांबायच्या आधी अर्धा फेरा मागचा पाय हलकेच दाबत वेग कमी करायचा. थांबलात की बूड उचला, सीट धरा, तीन उड्या, आणि पुढे निघा.

रेघेशी चुकीचा पाय आला तर जागेवर धडपडू नका. सरळ पुढे जा, वळून परत या, आणि सुरुवात ८० सेंटीमीटर मागून किंवा पुढून करा. चार-दोन फेऱ्यांत कुठून निघालं की कोणता पाय येतो याचा अंदाज बसतो.

१०. उड्यांच्या मध्ये पाय बदलणं

आता दोन्ही बाजू जोडायच्या. सवयीच्या पायाने तीन उड्या, अर्धा फेरा पुढे, दुसऱ्या पायाने तीन उड्या, पुन्हा अर्धा फेरा.

अडकायला होतं ते क्रँक उभे असताना. एक पाय वर आणि एक खाली असला की दाबाने चाक थांबवता येत नाही, तिथे पायांचा काही इलाज चालत नाही. म्हणून त्या जागेतून रेंगाळत जायचं नाही. अंग किंचित पुढे झुकवा, एकदाच निश्चयाने अर्धा फेरा मारा आणि क्रँक समांतर झाल्याबरोबर उडी घ्या. सीट हातातून सोडू नका, हात सोडून पुन्हा धरायला वेळ मिळत नाही.

ही पायरी दिवसांत येत नाही, आठवडे लागतात. मध्ये एक काळ असा येतो की सवयीच्या पायाच्याही उड्या बिघडतात. घाबरू नका, चार दिवस फक्त सवयीच्या पायाने चालवा, परत जागेवर येतं.

११. उंचीवर

पहिल्यांदा जमिनीवर एक इंची फळी टाका आणि तिच्यावर उडी मारा. मग दोन फळ्या. वीट वापरू नका, ती चाकाखाली सरकते किंवा फुटते. त्यानंतर लाकडी पॅलेट. उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या कारखान्यांत माल बांधून आल्यावर ते पडून असतात, मागितलं की एखादं जुनं मिळतं. उंची साधारण १२ ते १५ सेंटीमीटर असते. खिळे वर आलेत का ते हात फिरवून बघा आणि फळ्यांची दिशा चाकाला आडवी ठेवा, नाहीतर चाक फटीत बसतं.

पॅलेटवर चढताना दुसरा पाय पुढे, उतरताना सवयीचा, असं करू नका. चढणं-उतरणं दोन्ही दुसऱ्याच पायाने करा. उतरताना गुडघे सैल सोडा. ताठ पायांनी उतरलात तर धक्का कंबरेपर्यंत जातो आणि चौकोनी एक्सलची सायकल असेल तर एक्सलही वाकतो.

आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत करून दाखवायचा विचार असेल, तर तो बहुतेकांच्या डोक्यात येतोच, गर्दीत करू नका. सायकल हातातून सुटली की ती कुणाच्या पायावर जाईल ते तुमच्या हातात नसतं. मंडळाच्या कार्यकर्त्यांना सांगून दोरी लावून जागा मोकळी करून घ्या, रस्त्यावर सांडलेला गुलाल आणि पाणी आधी झाडून काढायला सांगा, आणि त्या दिवशी सवयीचाच पाय पुढे ठेवा.